मदत हवी आहे: बीपीची गोळी आणि आयुषचा काढा एकाच केसपेपरवर कसा आणायचा? (सोलापूर)

मंडळी, सोलापुरातल्या सरकारी दवाखान्यांचा अनुभव असलेले आणि आयुर्वेद शिकलेले, दोघांकडूनही उत्तर हवं आहे.

आप्पा 68 वर्षांचे. सगळी उमर पूर्व भागात टॉवेलच्या यंत्रमागावर गेली, खोकला जुनाच. शिवाय शुगर आणि बीपी. मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन सरकारी दवाखान्यातून मिळतं. तिथल्याच आयुष ओपीडीतून खोकल्यासाठी सितोपलादी चूर्ण मधातून आणि ज्येष्ठमधाचा काढा दिला. खोकला खरंच उतरला, आता रात्री सलग झोपतात. त्यामुळे 'सगळं बंद करा' एवढंच कृपया सांगू नका.

अडचण अशी की खोल्या दोन आणि केसपेपरही दोन. सितोपलादीच्या 31 भागांत 16 भाग खडीसाखर असते, पण 3 ग्रॅमच्या मात्रेत ती दीड ग्रॅमच जाते. खरी काळजी ज्येष्ठमधाची. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं, विशेषतः बरेच दिवस घेतल्यावर. आप्पांचं बीपी गोळीवर 130/80 च्या आसपास असायचं, ते आता 150 च्या वर जातंय. परवा गोळीचा डोस वाढवून दिला. काढ्याबद्दल तिथे कुणी विचारलं नाही आणि आप्पांनीही सांगितलं नाही. त्यांच्या लेखी काढा म्हणजे घरचीच वस्तू.

2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, तेव्हापासून आयुष डॉक्टर सरकारी केंद्रांत एकाच छताखाली बसवायचं धोरण आहे. मला ते मनापासून पटतं. ज्यांना खासगी वैद्य परवडत नाही त्यांना वनौषधी मिळायलाच हवी. पण मग एकाने दिलेलं दुसऱ्याला दिसलंही पाहिजे ना!

दोन्ही औषधं एकाच कागदावर लिहून घेणं इथे कुणाला जमलंय का? आभा कार्डावर (सरकारी डिजिटल आरोग्य ओळखपत्र) आयुषची नोंद चढते का? आयुष औषधांच्या दुष्परिणामांची तक्रार नोंदवायला सोलापुरात कुठे जायचं, शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयात विचारू का?

आणि वैद्य मंडळींना: ज्येष्ठमधाऐवजी अडुळसा चालेल का? पुढच्या तपासणीआधी पोटॅशियम करून घ्यायचा विचार आहे, सोबत अजून काय बघावं?