धारेवरनं आलेले चार भाऊ

कृष्णाकाठ
काल भावकीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ती पोस्ट परत आली. मागं उगवता सूर्य, सोनेरी अक्षरं, "आपण पवार म्हणजे माळव्याचे परमार, १३०५ साली अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजेनं माळवा घेतला तेव्हा चार भाऊ घोड्यावरून दक्षिणेत निघाले, एक फलटणला राहिला, एक खटावात, एक आपल्या वाळव्याला, चौथ्याचा पत्ता लागला नाही." खाली सगळ्यांनी भगवे झेंडे टाकलेले. मी फक्त विचारलं की हे लिहिलंय कुठं, तर चुलत्यांनी मला ग्रुपातनं काढलं. म्हणून इथं लिहितोय, लांबलं तर लांबलं.

माळवा १३०५ ला पडला हे खरंय, त्याला कोण नाही म्हणतंय. पण दरवेळी चारच भाऊ का? शिंद्यांचे चार, मोऱ्यांचे चार, चव्हाणांचे तर माझ्या माहितीत तीन गावांत चार-चार. एकुलता एक कुणी दक्षिणेत आलाच नाही का? आणि घोड्यावरनं आले ते काय बायका घेऊन आले? लग्नं इथल्याच पोरींशी लागली असणार, म्हणजे निम्मे तरी आपण इथलेच की.

आणि मुख्य म्हणजे माळव्यातलं जे धार शहर आपल्या लोकांना माहितीय ते मराठे पवारांचं, आणि ते पवार इकडनं तिकडं गेलेले आहेत. १७२८ ला अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांबरोबर उदाजी पवार होते, माळव्यात पवारांचं बस्तान बसलं ते त्या धामधुमीत. माझं म्हणणं एवढंच की आमचा कुणीतरी शिलेदारीला माळव्यात गेला असेल, परत आल्यावर गाव म्हणालं हा धारेवरनं आला, आणि दोन-तीन पिढ्यांत "धारेवरनं आला"चं "मूळचे धारचे" झालं. दिशाच उलटी आहे सगळी.

खटाव एक्स्प्रेस
म्हणजे तुमचं ते म्हणणं आणि आमच्या आज्जानं सांगितली ती थाप. वा. देवक काय हो तुमच्यात? आमच्यात तरवारीची धार. परवा पुतण्याच्या लग्नात देवक बसवलं तवा माळ्यावरची तलवार काढून चिंचेनं घासून मांडली, अर्धा दिवस गेला गंज काढण्यात. ही धार काय विळ्याची हाय? आणि १३०५ च्या आधी परमार इकडं आलेच न्हाईत असं समजू नका. जगद्देव परमार माळवा सोडून कल्याणीच्या चालुक्यांकडं, सहाव्या विक्रमादित्याकडं येऊन राहिला, आदिलाबादकडं जैनदला शिलालेख हाय. पुस्तक आम्हीबी उघडतो कधीमधी.

कृष्णाकाठ
तलवारीची धार आणि धार शहर, हा नुसता शब्दाचा खेळ आहे. मोऱ्यांचं देवक मोराचं पीस, मग ते मोरापासनं झाले का?

खटाव एक्स्प्रेस
मौर्यांपासनं झाले.

कृष्णाकाठ
आलं चंद्रगुप्तापर्यंत. आता रामायणात जाऊया.

मोडी_मास्तरीण
जगद्देवाचा मुद्दा बरोबर आहे, कृष्णाकाठ, तेवढा गिळा. पण कल्याणीला आलेला एक राजपुत्र आणि वाळव्यातलं तुमचं घर यात काही शतकं मोकळी आहेत, ती भरायला कागद लागतो, तलवार नाही.

मी मोडी वाचते. कुणबी नोंदींची धावपळ सुरू झाल्यापासून आम्हाला जरा भाव आलाय, नाहीतर आधी कोण विचारत नव्हतं. लोक कोतवाल बुक, गाव नमुना १४, कडई पत्रक असल्या जुन्या सरकारी नोंदींची झेरॉक्स घेऊन येतात आणि पहिला प्रश्न, ताई आमचं आडनाव कुठाय? बहुतेक वेळा नसतंच. "राणू बिन सखाराम", पुढं जात, खेळ खलास. बापाचं नाव हीच ओळख, कारण गावात राणूला सगळे ओळखायचेच. एका कागदावर नाव होतं, पुढं वाळवीनं खाल्लेलं हरभऱ्याएवढं भोक. दोन भावक्या आल्या होत्या, दोघींचं म्हणणं त्या भोकात आमचंच आडनाव आहे. मी भोक वाचत नाही म्हटलं तर पैसे न देता गेले.

आणि आडनाव बदलतं हो. जतचे डफळे मूळचे चव्हाण, डफळापूरची पाटीलकी म्हणून डफळे. फलटणचे निंबाळकर निंबळक गावावरनं, आणि तेही स्वतःला मूळचे पवारच सांगतात. मग तुमच्या चार भावांतल्या फलटणच्या भावाचं आडनाव काय राहिलं असेल सांगा बरं.

नाना, मुक्काम पुणे
मी मिरजकर. मिरजेत आम्हाला कुणी मिरजकर म्हणत नव्हतं, गाव सोडल्यावरच ते चिकटतं, गावात सगळेच मिरजकर. ते असो. पण मूळ आडनावाची चर्चा सांगलीवाल्यांनी करूच नये, तुमच्याकडं आडनाव एकच, पाटील. मराठा पाटील, जैन पाटील, लिंगायत पाटील, मुसलमान पाटील. आमच्या वर्गात सर नुसतं "पाटील ऊठ" म्हणाले की अर्धा वर्ग उभा राहायचा.

तासगावची सून
नाना तुम्ही हसताय, मी भोगलंय. माझ्या फोनमध्ये पाटील दूध, पाटील ट्रॅक्टर, पाटील बोअर, पाटील पार्लर, ते जाऊ दे. सासरची सगळी पाटील लावतात, मूळ माने. आजेसासऱ्यांच्या नावानं सातबाऱ्याला माने, सासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर पाटील, आधारला पाटील. सासरे गेल्यावर वारस नोंद करायला गेलो तर साहेब म्हणाला हे दोन वेगळे खातेदार दिसतात. मयत माणूस एकच आहे हे सिद्ध करायला चौदा महिने! बाँडवर प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलाचा दाखला (तोही पाटीलच), शेजारच्या दोघांच्या सह्या, आणि त्यातल्या एकाशी आमचं बांधाचं भांडण. त्याच्या घरी पेढे घेऊन कोण गेलं? मी. आणि तुम्ही बसा १३०५ काढत.

खटाव एक्स्प्रेस
ताई वाईट झालं, पण विषय पवारांचा चाललाय.

तासगावची सून
विषय आडनावाचाच आहे की. का बाईचं आलं की तो वेगळा विषय?

मोडी_मास्तरीण
पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं गेली. पद गेलं, वतन गेलं, तरी नावामागं आहेच. जरा गंमत वाटते मला.

निव्वळ पाटील
गंमत तुम्हाला वाटत असेल. सरकारनं पद काढलं, नाव काढलं न्हाई. सारा थकला की सगळ्यात आधी पाटलालाच धरायचे, गावानं भरला न्हाई तरी जाब त्याला. आमच्या पणज्यानं दुष्काळात घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडून गावाचा सारा भरला असं आम्ही ऐकलंय, ते काय फुकट भरलं का. आणि ज्यांनी पाटीलकी बघितलीबी न्हाई ते मुंबईला गेल्यावर पाटील लावतात, त्यांना विचारा की काय विचारायचं ते. जो उठतोय तो पाटलावर.

नाना, मुक्काम पुणे
अहो मी कुठं पाटलावर उठलो, मी वर्गाचं सांगत होतो. बरं चुकलं. मूळ आडनाव काय तुमचं?

निव्वळ पाटील
तुम्हाला काय करायचंय.

तासगावची सून
माहीत नाही म्हणतात त्याला.

निव्वळ पाटील
माहिताय. सांगत न्हाई.

विटा ते त्रिशूर
धागा पाटलांनी खाल्ला, पण मी मूळ पोस्टीवर बोलतो. आम्ही विट्याचे, गलाईवाले. तीस वर्षं त्रिशूरला, सोनं गाळतोय. पोरं तिथंच जन्मली, आपसात मल्याळम बोलतात, जत्रेला गावी आलो की आजीशी मराठी बोलताना आधी मनात जुळवतात मग बोलतात. आता कृष्णाकाठ साहेब, तुम्ही चार भावांची टिंगल केली. आम्ही खरंच चार भाऊ गेलो. थोरला कोईमतूर, मी त्रिशूर, तिसरा विजयवाडा आणि चौथा बेपत्ता नाही, मदुराईत आहे, उसने पैसे मागितले की फोन उचलत नाही एवढंच. शंभर वर्षांनी माझा पणतू हेच लिहील आणि तुमच्यासारखा कुणीतरी त्याला म्हणेल कागद दाखव. कागद काय दाखवणार तो, दुकानाचं भाडं पण आम्ही तोंडीच ठरवलंय.

कृष्णाकाठ
हे मात्र लागलं मला. बरं, चार भाऊ असू शकतात. लेखी घ्या.

खटाव एक्स्प्रेस
स्क्रीनशॉट काढला.

मला एक सांगा, तुमच्याकडं हेळवी येतो का न्हाई, घराण्याच्या पिढ्या वहीत लिहून दारोदार वाचून दाखवणारा? त्याला विचारलं का कधी?

कृष्णाकाठ
येतो. बेळगावकडचा आहे, मराठी बोलतो पण मधेच कानडी घुसतं. त्याचा आज्जा बैलावर बसून यायचा, बैलाच्या गळ्यात घंटा, हा हिरो होंडावर येतो, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत. उंबऱ्यात बसला की आधी चहा, मग पायलीभर शाळू, मग वही. हे मी पोस्टीत लिहायला नको म्हणून गप बसलो होतो. तीन वर्षांमागं आला तेव्हा आईनं सगळं वाचून घेतलं. एकेक नाव एका सुरात म्हणत गेला, माझ्या पोराचं नाव घातलं, पन्नास रुपये घेतले.

तासगावची सून
पोरीचं घातलं?

कृष्णाकाठ
नाही. ती दारातच उभी होती, म्हणाली माझं? त्यानं आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं. मी पुढं वाच म्हटलं.

तासगावची सून
छान. परमारांची आठवण ठेवा, दारातली पोरगी राहू दे.

कृष्णाकाठ
मान्य. पुढच्या वेळी घालायला लावतो, शंभर घेईल.

खटाव एक्स्प्रेस
ते झालं. वहीत धार आहे का न्हाई ते सांगा की, कवाची वाट बघतोय.

कृष्णाकाठ
धार नाही. माळवा नाही, घोडा पण नाही. वहीत एवढंच की दुष्काळात खटावातनं उठले आणि कृष्णाकाठी आले, बरोबर दोन बैल. त्याच्या मागं काय म्हणून विचारलं तर म्हणाला, मागचं पान माझ्याकडं न्हाई, वाटण्या झाल्या तवा खटावची वही चुलत्याच्या वाट्याला गेली, शेतासारखी वह्यांचीबी वाटणी असती आमच्यात.

खटाव एक्स्प्रेस
खटावातनं कितीजण उठले?

कृष्णाकाठ
आता ते कशाला.

खटाव एक्स्प्रेस
किती?

कृष्णाकाठ
तिघं इकडं आले. एक मागं राहिला.

विटा ते त्रिशूर
😂😂😂

खटाव एक्स्प्रेस
मागं राहिला तो आमचाच की हो मग! खटावची वही ज्याच्याकडं हाय तो हेळवी आमच्या दारात सुगी झाली की येतो, मी विचारून सांगतो. आणि दादा, भावकीच निघाली तर आमच्या ग्रुपात घेऊ का तुम्हाला?

कृष्णाकाठ
नको. तिथंबी तीच पोस्ट येत असणार.

खटाव एक्स्प्रेस
मीच टाकतो ती.