फ्रँक बेन्सनची बदके आणि ट्राउटची चित्रे : संग्रहासाठी घेताना काय पाहावे?

नदीकाठ
नमस्कार. बॉस्टनजवळ राहायला आल्यापासून मला फ्लाय फिशिंगची (कृत्रिम माशीचे आमिष लावून गळाने मासे पकडण्याची) गोडी लागली आणि तिच्या मागोमाग त्या विषयावरच्या जुन्या अमेरिकन चित्रांचीही. जुन्या वस्तूंच्या एका बाजारात परवा दोन चित्रे नजरेत भरली : पेन्सिलीने सही केलेले, चित्रकार फ्रँक बेन्सन यांचे उडत्या बदकांचे एचिंग (आम्लाने कोरलेल्या पाटीवरून घेतलेला छाप), आणि न्यूयॉर्कच्या करियर अँड आइव्हज या जुन्या प्रकाशकांनी छापलेले, ट्राउट मासे पकडणाऱ्यांचे रंगीत चित्र. विक्रेता दोन्ही अस्सल असल्याचे सांगतो, मात्र दोन्ही काचेच्या चौकटीत बंद आहेत. अस्सल छाप आणि नंतरची नक्कल यांतला फरक दुकानात उभ्या उभ्या कसा ओळखावा? शिवाय ही चित्रे कलाकृती म्हणून जपण्याजोगी आहेत, की शिकारी मंडळींच्या क्लबातील भिंतीची शोभा एवढेच त्यांचे मोल, याविषयीही जाणकारांचे मत हवे आहे.

भिंगवाला
आधी चौकट उघडायला सांगा. विक्रेता नाहीच म्हणाला, तर अस्सल मालाची किंमत मोजू नका.

एचिंग धातूच्या पाटीवरून मोठ्या दाबाने छापले जाते, त्यामुळे चित्राभोवती कागद आत दबून पाटीची कड उमटते आणि रेषांवरची शाई किंचित उठून आलेली दिसते. कागद उजेडात तिरका धरला की ही उठावदार शाई नुसत्या डोळ्यांनाही जाणवते. सपाट छपाईच्या नकलेत ती नसते. बेन्सन यांची सही चित्राखाली, बहुधा डावीकडे असते आणि खऱ्या पेन्सिलीची रेघ तिरक्या उजेडात चकाकते. मात्र सही खरी निघाली तरी समास कापलेले नाहीत ना, आणि जुन्या आम्लयुक्त पुठ्ठ्याने चित्राभोवती तपकिरी पट्टा पाडलेला नाही ना, हे पाहावेच लागते, कारण भाव खाली येतो तो बहुतेक वेळा या दोन गोष्टींमुळे.

करियर अँड आइव्हजच्या बाबतीत अधिक सावध राहावे. त्यांची बहुतांश चित्रे दगडावरून काळ्या शाईत छापून नंतर हाताने रंगवलेली असत, आणि आर्थर टेट यांच्यासारख्या चित्रकारांनी काढलेली शिकारीची व मासेमारीची दृश्ये इतकी लोकप्रिय झाली की विसाव्या शतकात त्यांच्या असंख्य नकला निघाल्या. दहापट भिंगाखाली सुबक ओळींत मांडलेल्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती नक्कल समजावी. दगडी छपाईचा कण ओबडधोबड असतो, आणि हाताने भरलेला रंग कुठे ना कुठे रेषेबाहेर गेलेला असतो.

नदीकाठ
मनःपूर्वक आभार. चौकट उघडण्याविषयी विक्रेत्याला कळवले आहे. दुसऱ्या प्रश्नावर कोणी लिहील का?

शिळाछाप
अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर यांची न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक पर्वतराजीतील जलरंगचित्रे पाहिल्यावर हा प्रश्न उरतो, असे मला वाटत नाही. होमर स्वतः मुरलेले गळकरी होते. 1889 च्या सुमाराच्या त्यांच्या चित्रांत हवेत भिरकावलेली दोरी पांढऱ्या रंगाने काढलेली नसून, वाळलेला रंग टोकदार पात्याने खरवडून खालचा कोरा कागद मोकळा केल्याचे आढळते. त्या एका ओरखड्यात दोरीचा वेग आणि हाताचा झटका दोन्ही येतात, आणि ज्याने कधी गळ टाकला आहे त्याला तो झटका मनगटात जाणवतो. क्लबाच्या भिंतीसाठी रंगवणारा माणूस इतका खटाटोप करत नाही.

जाता जाता : बॉस्टनचे प्रकाशक लुई प्रँग यांनी होमर यांच्या एका चित्राचे ‘द नॉर्थ वुड्स’ या नावाने रंगीत शिळाछाप 1894 मध्ये काढले, आणि त्याच वर्षी मुंबईत रविवर्म्याचा छापखाना उभा राहिला. आपल्या आजोळच्या भिंतीवरची लक्ष्मी ज्यांनी निरखून पाहिली आहे, त्यांना हे तंत्र परके वाटू नये.

पाणथळ
शिकारीच्या चित्रांविषयी मनात थोडी अढी असते, ती माझ्याही मनात आहे; पण या परंपरेतील उत्तम चित्रे ती अढी झाकत नाहीत. होमर यांचे 1909 चे ‘राइट अँड लेफ्ट’ वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात गोळी लागण्याच्या क्षणी दोन बदके लाटांवर तोललेली दिसतात, बंदुकीचा जाळ दूर मागे एवढासा लाल ठिपका होऊन उरतो, आणि नेम आपल्याच दिशेने धरलेला आहे हे पाहणाऱ्याच्या ध्यानात यायला वेळ लागतो.

बेन्सन हेही शिकारी होते. पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांना 1934 पासून अमेरिकेत टपालतिकिटासारखे दिसणारे, तेव्हा एक डॉलरचे संघीय तिकीट घेणे सक्तीचे झाले आणि तो पैसा पाणथळ जमिनी राखण्यासाठी जाऊ लागला. त्या मालिकेतील 1935 चे दुसरे तिकीट बेन्सन यांच्या बदकांचे आहे. एचिंग आवाक्याबाहेर गेले, तर वापरलेले जुने तिकीट मिळवून संग्रहाची सुरुवात करता येईल. आणि बॉस्टनजवळच राहात असाल, तर पैसे मोजण्याआधी तिथल्या कलासंग्रहालयाच्या छापचित्र विभागात आगाऊ वेळ घेऊन बेन्सन यांचे एखादे एचिंग चौकटीविना पाहून या, म्हणजे दुकानातल्या प्रतीची शाई फिकी आहे की भरदार, हे ठरवायला डोळ्यांसमोर माप राहील.