घरभर एकसाथ गाणी: तीन खोल्या, जुनेच स्पीकर, दहा हजारांचं बजेट

गंगापूररोडकर:

नमस्कार मंडळी. घर दुमजली, भिंती विटांच्या, मधे आरसीसी स्लॅब. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर बेडरूम. फायबरचा राउटर वरच्या मजल्यावर, जिन्याजवळ.

हॉलमध्ये जुना स्टिरिओ अँप्लिफायर आणि दोन बॉक्स आहेत, स्वयंपाकघरात कॉम्प्युटरचे छोटे स्पीकर, बेडरूममध्ये साउंडबार. तिन्हींना ऑक्स इनपुट आहे. चार जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप पडून आहे. एक्स्टर्नल डिस्कवर साधारण ३०० जीबी गाणी: नाट्यसंगीत, अभंग, जुनी हिंदी, बरीचशी फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता साठवलेल्या फाईली).

सकाळी स्वयंपाकघरात आकाशवाणी लागावी आणि त्याच वेळी वर दुसरं काही वाजवता यावं. पाहुणे आले की तिन्हीकडे एकच गाणं, तेही एका खोलीतून दुसरीत जाताना प्रतिध्वनी न येता. घरच्यांना फोनवरून चालवता यायला हवं. स्पीकर बदलायचे नाहीत. सोल्डरिंग जमतं, लिनक्सची मात्र बोंब आहे. दहा हजारांत बसेल का?

---

ओहमकाका:

बसेल. ब्लूटूथ मात्र डोक्यातून काढून टाका. प्रत्येक ब्लूटूथ स्पीकर आपापल्या सवडीने आवाज सोडतो, आणि तो उशीर कनेक्शनगणिक बदलतो. एकदा जुळवला तरी दुसऱ्या दिवशी तो जुळलेला असेलच असं नाही.

तुमचं संगीत मुख्यतः स्वतःच्या डिस्कवर आहे आणि जोडीला रेडिओ हवाय, म्हणजे डिस्कवरची गाणी नेटवर्कवरून खोल्याखोल्यांतल्या प्लेअरना पुरवणारा लिरिऑन म्युझिक सर्व्हर घ्या. पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर तो हाच. कंपनीने २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स या नेटवर्क प्लेअरची मालिका गुंडाळली, पण सर्व्हरचा कोड खुला असल्यामुळे लोकांनी तो चालू ठेवला. २०२४ पासून नाव लिरिऑन. फुकट आहे, विंडोजवर चालतो, आणि वेगवेगळ्या प्लेअरमधला ताळमेळ हेच त्याचं जुनं बलस्थान.

रचना सोपी आहे. लॅपटॉपवर सर्व्हर, आणि प्रत्येक खोलीत स्पीकरमागे एक रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर. एका खोलीचा खर्च अंदाजे असा (दर खालीवर होतात):

पाय झीरो २ डब्ल्यू: १७०० ते १८००
पीसीएम५१०२ डॅक बोर्ड (डिजिटल गाण्याचा स्पीकरला चालणारा सिग्नल बनवणारं), जांभळं: ३०० ते ४००
मेमरी कार्ड, ८ जीबीही पुष्कळ: ३५०
५ व्होल्ट २.५ अँपिअर अडॅप्टर: ३५०
ऑक्स केबल; हॉलसाठी ३.५ मिमी ते आरसीए: १५०

तीन खोल्यांचे मिळून नऊ हजारांच्या आसपास. झीरोला हेडफोनचा जॅकच नाही, म्हणून डॅक लागतोच. पाय ३ आणि ४ ला जॅक असतो, पण त्यातून येणारी खरखर अँप्लिफायरवर लगेच कळते.

डॅक बोर्डाकडे नीट बघा, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. मागच्या बाजूला चार जोडबिंदू असतात, १ ते ४ क्रमांकांचे. प्रत्येकाला एच आणि एल अशा दोन बाजू. १, २ आणि ४ एलकडे, ३ एचकडे जोडलेला हवा. तिसरा म्हणजे म्यूटची रेघ. तो एलकडे असेल किंवा मोकळा राहिला असेल तर सगळं बरोबर दिसतं, गाणं पुढे सरकतं आणि आवाज शून्य. काही बोर्डं आधीच जोडलेली येतात, काही कोरी. पुढच्या बाजूला एससीकेचा (क्लॉकच्या पिनचा) जोडबिंदू असतो, तोही सोल्डरने ग्राउंडला जोडा. तो ग्राउंडला असला की चिप स्वतःचं क्लॉक स्वतः बनवते. लोंबकळत ठेवलात तर कधी कडकड, कधी काहीच नाही.

वायरी पाचच, नावं बोर्डावर लिहिलेली असतात: व्हीआयएन पायच्या पिन २ ला, ग्राउंड पिन ६ ला, बीसीके पिन १२, एलसीके पिन ३५, डीआयएन पिन ४०. दहा सेंटीमीटरपेक्षा लांब वायरी वापरू नका.

आता सॉफ्टवेअर. पायवर पायकोअरप्लेअर टाका, म्हणजे पायला लिरिऑनचा प्लेअर बनवणारी छोटी प्रणाली. तो चालू झाला की रॅममध्येच राहतो, कार्डावर सतत लिहीत बसत नाही. त्यामुळे वीज गेली किंवा कुणी बटण बंद केलं तरी कार्ड खराब होण्याची भीती जवळपास नाही. आपल्याकडे हा मुद्दा मोठा आहे. कार्ड लिहून झाल्यावर त्यातल्या बूट विभागात वाय-फायची नमुना फाईल दिसेल. तीत नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि देशाचा कोड (भारताचा आयएन) भरा आणि नावातला शेवटचा 'सॅम्पल' हा भाग काढून टाका. मग ब्राउझरमधून पायचं पान उघडा, ऑडिओ आउटपुटमध्ये साध्या टीआय ५१०२ डॅकचा किंवा हायफायबेरी डॅक झीरोचा पर्याय निवडा, खोलीचं नाव द्या, सेव्ह करा, रीबूट. लिनक्सची एक ओळही टंकावी लागत नाही.

लॅपटॉप राउटरशेजारी ठेवा आणि केबलनेच जोडा. सर्व्हरही वाय-फायवर ठेवलात तर प्रत्येक गाणं हवेतून दोनदा जातं. झाकण बंद केल्यावर 'काही करू नये' असं सेटिंग करा, स्लीप बंद करा, नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवा. फायरवॉलमध्ये टीसीपी ९००० आणि ३४८३, शिवाय यूडीपी ३४८३ हे पोर्ट मोकळे हवेत. पान उघडतं पण प्लेअर दिसत नाहीत, असं झालं तर दोष बहुतेक वेळा ३४८३ चा. राउटरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता राखून ठेवा. कुठलाही पाय गेस्ट नेटवर्कला जोडू नका, तिथे उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत.

घरच्यांसाठी मटेरियल स्किन हे प्लगइन टाका, फोनवर सुटसुटीत दिसतं. खोल्या एकत्र करणं आणि सुट्या करणं तिथूनच. आकाशवाणीच्या बऱ्याच ऑनलाइन स्ट्रीम एचएलएस प्रकारच्या (छोट्या तुकड्यांत येणाऱ्या) आहेत, त्यासाठी प्ले एचएलएस प्लगइन घ्या आणि स्टेशनचा दुवा फेव्हरिट्समध्ये ठेवून द्या. स्ट्रीम प्रत्यक्ष रेडिओच्या मागे असते, तेव्हा त्यावर घड्याळ लावू नये.

---

खालचा सा:

ओहमकाकांशी बव्हंशी सहमत, पण एक विचारून ठेवतो. घरातली तरुण मंडळी डिस्कवरचं ऐकणार आहेत का? फोनमधल्या ॲपमधलं जे वाजतंय तेच घरभर हवं असेल तर लिरिऑनमध्ये प्रत्येक सेवेसाठी प्लगइन शोधत बसावं लागतं, आणि आपल्याकडच्या सेवांसाठी ते मिळेलच असं नाही. तिथे स्नॅपकास्ट सरस. सर्व्हरवर जो काही आवाज येईल तो जसाच्या तसा सगळ्या खोल्यांत पोचवायचा, एवढंच त्याचं काम. आयफोनचा आवाज सर्व्हरवर घ्यायला शेअरपोर्ट-सिंक हा प्रोग्राम, स्पॉटिफायसाठी लिब्रेस्पॉट (प्रीमियम खातं लागतं), बाकी ॲपसाठी सर्व्हरलाच ब्लूटूथ रिसीव्हर करायचं. इथे ब्लूटूथ चालतं, कारण ते वाटपाच्या आधी येतं. जो काही उशीर होतो तो सगळ्या खोल्यांना सारखाच.

ताळमेळ उत्तम, खोल्यांमधला फरक साधारण ०.२ मिलिसेकंदाच्या आत राहतो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे हा फरक स्पीकर सात सेंटीमीटर पुढेमागे ठेवण्याइतका. कानाला कळणं शक्य नाही.

तोटे दोन. एक, बफर (वाजवण्याआधी साठवून ठेवलेला आवाज) मुळात १००० मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे थांबवा म्हटल्यावर गाणं सेकंदभराने थांबतं आणि टीव्हीचा आवाज यातून काढला तर ओठ आधी हलतात. बफर कमी करता येतो, पण वाय-फायवर ४००च्या खाली गेलात की तुटायला लागण्याची शक्यता वाढते. दोन, लिनक्स लागतंच. त्यात एमपीडी या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामकडून गाणी द्यायला गेलात की नव्या लिनक्सवर 'परवानगी नाही' हा निरोप हमखास भेटतो. कारण असं की पाइपची (एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्याला पोचवणारी) फाईल टेम्प फोल्डरमध्ये असते, आणि तिथे दुसऱ्या वापरकर्त्याच्या पाइपमध्ये लिहायला कर्नल सुरक्षेसाठी मनाई करतो. फाईलच्या परवानग्या ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) करून काही होत नाही. पाइप टेम्पमधून हलवून रन फोल्डरखाली स्वतंत्र जागी ठेवा आणि दोन्हीकडच्या कॉन्फिगमध्ये तोच मार्ग द्या. नमुना दरही (सँपल रेट) दोन्हीकडे एकच हवा, ४८०००:१६:२ (दर, बिट, चॅनल). एमपीडीकडे ४४१०० राहिला तर गाणं वरच्या पट्टीत आणि घाईघाईने वाजतं.

---

ओहमकाका:

मुद्दा मान्य. पण प्रश्नकर्त्याने लिनक्सची बोंब असल्याचं लिहिलंय आणि त्यांना सकाळी दोन खोल्यांत दोन वेगळ्या गोष्टी हव्यात. स्नॅपकास्टमध्ये त्यासाठी प्रत्येक स्रोताची वेगळी स्ट्रीम बांधावी लागते, लिरिऑनमध्ये प्रत्येक प्लेअरची यादी मुळातच स्वतंत्र असते. लिरिऑनपासून सुरुवात करा. पुढेमागे मत बदललं तर तेच पाय आणि तेच डॅक स्नॅपकास्टला चालतात, फक्त कार्ड बदलायचं.

---

जुनाफोन:

घरात जुने अँड्रॉइड फोन असतील तर पाय घ्यायचीही गरज नाही. स्नॅपकास्टचं ॲप टाका, हेडफोन जॅकमधून ऑक्स, झालं.

---

खालचा सा:

चार दिवसांची पूजा, घरगुती कार्यक्रम, एवढ्यासाठी ठीक. कायमचं नको. रात्रंदिवस चार्जरवर राहिलेल्या जुन्या फोनची बॅटरी फुगते, आणि फोन असतो कपाटामागे, म्हणजे कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली अँड्रॉइड मागे चाललेलं ॲप केव्हा बंद करेल याचा नेम नाही. सेटिंगमध्ये त्या ॲपला बॅटरी-बचतीतून वगळावं लागतं.

---

गंगापूररोडकर:

लिरिऑन घेतलं, तिन्ही खोल्या वाजतायत. आभार! तीन अडचणी राहिल्या आहेत.

१. हॉलमध्ये गाणं थांबलं की बॉक्समधून बारीक टिर्र-टिर्र येते. पायला घरातलाच जुना मोबाइल चार्जर लावलाय.
२. मायक्रोवेव्ह चालू केला की स्वयंपाकघरात गाणं तुटतं.
३. साउंडबार बाकीच्यांच्या मागे राहतो. जिन्यात उभं राहिलं की सगळं दुहेरी ऐकू येतं.

---

ओहमकाका:

टिर्र-टिर्र म्हणजे चार्जरचा कचरा. हा आवाज वाय-फायच्या हालचालीबरोबर बदलतो, त्यावरून ओळखता येतो. अर्थिंगची घरघर एकसारखी, जाड, ५० किंवा १०० हर्ट्झची असते. पाय पॉवर बँकेवर चालवून बघा. शांत झालं तर चार्जर बदला. पॉवर बँकेवरही तसंच राहिलं तर ऑक्स केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. दीडशे-दोनशेचा मिळतो, आत लहान ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातला आयसोलेटर खालचा बेस थोडा खातो, म्हणून तो शेवटी. अँप्लिफायरची अर्थपिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

स्वयंपाकघराचं कारण सरळ आहे. झीरो २ डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्झचा वाय-फाय आहे आणि मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात गळतो. वेग कमी पडतोय असं समजू नका. सीडी दर्जाचं फ्लॅक सेकंदाला जेमतेम एक मेगाबिट मागतं, तिन्ही खोल्या मिळून पाचच्या आत. गाणं तुटतं ते मधल्या खंडांमुळे. आधी फुकटचे उपाय करा: राउटरचा चॅनल 'ऑटो'वरून काढून १, ६ किंवा ११ यांतला शेजाऱ्यांकडे कमी गर्दीचा निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, पाय मायक्रोवेव्हपासून दोन मीटर लांब आणि पत्र्याच्या डब्यांमागून बाहेर आणा. पायकोअरप्लेअरमध्ये स्क्वीझलाइटचा (गाणं वाजवणाऱ्या प्रोग्रामचा) बफर आकार वाढवा, छोटे खंड त्यात झाकले जातात. एवढ्यानेही भागलं नाही तर मायक्रो यूएसबीचं इथरनेट अडॅप्टर आणि कॅट ६ केबल. जिन्याच्या कडेने पट्टीतून खाली आणलीत की प्रश्न कायमचा मिटला.

---

खालचा सा:

साउंडबारचं मी सांगतो. ऑक्समधून गेलं तरी तो आत आवाजावर प्रक्रिया करतो, तिथे उशीर होतो. आधी त्याचे 'सराउंड', 'मूव्ही' असले मोड बंद करा, निम्मा उशीर तिथेच जाऊ शकतो. उरलेला लिरिऑनमध्ये भरून निघतो: प्लेअरच्या सेटिंगमध्ये ताळमेळाच्या भागात मिलिसेकंदांत ऑडिओ विलंबाचा रकाना आहे. तिथे साउंडबारपुढे आकडा भरा, म्हणजे सर्व्हर त्याला तेवढं आधी वाजवतो.

आकडा काढायला गाणं लावू नका. फोनवर टकटक वाजवणाऱ्या मेट्रोनोमची मिनिटभराची फाईल बनवून ती लावा, मिनिटाला ६० ठोके. ठोके लांब असले की कोणता आधी आणि कोणता मागून हे कानाला स्पष्ट कळतं. जिन्यात जिथे दोन्ही स्पीकर सारख्याच अंतरावर येतात तिथे उभे राहा. ५० पासून सुरुवात करा, दहा-दहाने वाढवा. दोन ठोक्यांचा एक झाला की पाच-पाचने मागेपुढे करून बघा. प्रत्येक बदलानंतर गाणं थांबवून पुन्हा सुरू करा, चालू गाण्यात बदल नीट लागू होत नाही. वीस मिलिसेकंदांच्या आत आलात की थांबा, जिन्यातून चालताना तेवढं अंतर तसंही पडतंच.

---

ओहमकाका:

आणि स्वयंपाकघरातले स्पीकर मोठ्या आवाजाला फाटत असतील तर त्यांना दोष देऊ नका. पीसीएम५१०२ पूर्ण आवाजाला २.१ व्होल्ट देतो, कॉम्प्युटरच्या छोट्या स्पीकरांना बहुधा त्याच्या निम्म्याचीही सवय नसते. लिरिऑनमध्ये त्या प्लेअरचा आवाज ७०च्या आसपास ठेवा आणि बाकीचं स्पीकरच्या बटणावर सोडा.