'बेस्ट सपोर्टिव्ह केअर' मराठीत कसं सांगायचं?

गोदाकाठ: इंग्लंडच्या हॉस्पिटलांत मराठी पेशंटसाठी दुभाष्याचं काम करणाऱ्यांना प्रश्न. ऑन्कॉलॉजीच्या (कॅन्सर विभागाच्या) पत्रात 'इनक्युरेबल' लिहिलेलं असतं आणि खालच्याच ओळीत केमोची तारीख. घरचे एक तर 'बरं होणार' असं धरून चालतात, नाहीतर 'संपलं सगळं' म्हणतात. इनक्युरेबल, टर्मिनल, पॅलिएटिव्ह, सपोर्टिव्ह यांत नेमका फरक काय? आणि सांगताना गडबड कुठे होते?

शुश्रूषा: इनक्युरेबल म्हणजे आजार शरीरातून समूळ जाणार नाही, एवढंच. किती दिवस, हे त्यात येत नाही. हाडांत पसरलेला स्तनाचा कॅन्सर इनक्युरेबलच, पण गोळ्या-इंजेक्शनांवर काही बायका वर्षानुवर्षं काढतात. टर्मिनल म्हणजे शेवट जवळ आलेला. पॅलिएटिव्ह केमो आजार आटोक्यात ठेवायला, त्रास कमी करायला आणि जमल्यास आयुष्य वाढवायला देतात.

खरा घोळ 'बेस्ट सपोर्टिव्ह केअर'चा. 'सर्वोत्तम उपचार' असं सांगितलंत तर अर्थ पार उलटतो. कॅन्सरवरची औषधं आता देणार नाहीत. दुखणं, दम, मळमळ यांवर मात्र उपचार चालू राहतील, असं दोन वाक्यांत सांगा. दुसरा सापळा 'प्रोग्रेशन'. स्कॅनमध्ये प्रोग्रेशन म्हणजे आजार वाढला, पण घरच्यांच्या कानाला 'प्रोग्रेस' ऐकू येतं आणि चेहरे खुलतात. 'स्टेबल डिसीज' ही मात्र या आजारात चांगली बातमी, फारसा वाढला नाही अशी. 'पेशंट फेल्ड केमो' हे डॉक्टरी बोलणं तर शब्दशः आणूच नका. फेल औषध झालं, माणूस नव्हे.

रानवारा: डीएनएसीपीआर राहिलं. हृदय बंद पडलं तर छाती दाबून, शॉक देऊन ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करायचा नाही, एवढाच त्या फॉर्मचा अर्थ. अँटिबायोटिक, सलाइन, रक्त यांचे निर्णय वेगळे. घरचे मात्र 'उपचार बंद केले' असंच समजतात, म्हणून हे दुसरं वाक्य डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या. दुभाष्यानं पदरचं घालायचं नाही.

मोजपट्टी: मुदतीबद्दल. तिथले डॉक्टर आकडा टाळतात. 'वीक्स रादर दॅन मन्थ्स' म्हणतात. मराठीतही तेवढंच मोघम ठेवा: 'महिने नाहीत, आठवड्यांत मोजायचं'. 'दोन महिने' म्हटलंत की घरचे कॅलेंडरवर खूण करतात. 'मीडियन सर्व्हायव्हल 12 महिने' म्हणजे निम्मी माणसं त्याहून जास्त जगतात.

एसआर1 फॉर्मवरूनही घाबरतात. सरकारी भत्ते लवकर मिळावेत म्हणून तो असतो. पूर्वी डीएस1500 होता, 6 महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची शक्यता कमी असलेल्यांसाठी. 2022-23 मध्ये मर्यादा 12 महिने झाली. तो अंदाज आहे, त्यापुढे जगलेल्यांना कोणी गुन्हेगार धरत नाही!

गोदाकाठ: आणि 'फाइट', 'बॅटल'? शिवाय 'आईला सांगू नका' म्हणणाऱ्या मुलाचं काय करायचं?

शुश्रूषा: 1971 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी नॅशनल कॅन्सर अ‍ॅक्टवर सही केली, तेव्हापासून तिथली कॅन्सरवरची मोहीम 'कॅन्सरविरुद्धचं युद्ध' म्हणूनच ओळखली जाते. इंग्रजी मृत्युलेखांत आजही माणूस 'बॅटल' हरतो. काहींना त्यानं बळ येतं, काहींना आपण कमी पडलो असं वाटतं. पेशंट 'लढते' म्हणाली तर तुम्हीही म्हणा. ती म्हणत नसेल तर तुम्ही सुरू करू नका.

मुलाची विनंती दाबून ठेवू नका, तिथल्या तिथे डॉक्टरांना इंग्रजीत सांगा. निर्णयक्षमता असलेल्या पेशंटला किती जाणून घ्यायचंय, हे तिथे तिलाच विचारतात. नको म्हणाली तर तेही मानतात. त्यामुळे आत जाण्याआधी डॉक्टरांकडून पाच मिनिटं मागून घ्या: आज काय सांगणार, कोणते शब्द वापरणार, आणि पेशंटला आधीपासून काय ठाऊक आहे.