मदत हवी आहे: लेकीचा वरचा एक पटाशीचा दात मुळातच नाही

नमस्कार मंडळी,

लेक साडेनऊ वर्षांची आहे. वरचे मधले दोन दात वेळेवर आले. त्यांच्या उजवीकडचा दात मात्र खुंटीसारखा आहे, टोकाकडे निमुळता. डावीकडे अजून दुधाचाच दात आहे आणि तो हलतही नाही. हा दात आठ-नऊ वर्षांचं असताना येतो, म्हणून वाट पाहिली. गेल्या आठवड्यात ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढला. डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं: सुळे, उपदाढा सगळे हाडात दाटीवाटीने बसलेत, तेवढी एक जागा मोकळी.

उशिरा तयार होईल का, असं मी दोनदा विचारलं. ते म्हणाले, बाळ दहा-बारा महिन्यांचं असताना हा दात कठीण व्हायला लागतो आणि चार-पाच वर्षांपर्यंत त्याचा हिरडीबाहेर दिसणारा भाग पूर्ण होतो. आता एक्स-रेमध्ये काहीच नाही, म्हणजे तो नाहीच.

गरोदरपणी मला कॅल्शियमच्या गोळ्या सोसत नव्हत्या, मी मध्येच सोडल्या. सासूबाई म्हणतात, त्याचंच हे फळ. रात्र रात्र झोप लागत नाही. नणंदबाईंचेही वरचे दोन्ही बाजूचे दात नाहीत, मधल्या दातांना लागून थेट सुळे आहेत. लग्नाच्या एकाही फोटोत त्या ओठ उघडून हसलेल्या नाहीत. लेकीचं तसं व्हायला नको.

एक डॉक्टर म्हणतात, दुधाचा दात काढून सुळा पुढे आणू. दुसरे म्हणतात, जागा राखून ठेवा, मोठेपणी इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, करू. कुणाच्या मुलांचं असं झालं आहे का? तुम्ही काय केलंत?

प्रतिसाद १

ताई, आधी ते गोळ्यांचं मनातून काढून टाका. हे आनुवंशिक असतं, नणंदेचं तुम्हीच लिहिलंय. एकीकडे दात नसणं आणि दुसरीकडे खुंटीसारखा असणं, हेही एकाच कुटुंबातलं लक्षण. खुंटीसारखा दात कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, लावून नीट आकारात आणता येतो.

मी दंतवैद्य आहे, पण तपासल्याशिवाय दोन्हींतलं एक सांगणार नाही. जबड्यात दाटी किती, दाढा एकमेकींवर कशा बसतात, सुळ्याचा रंग-आकार कसा, यावर ते ठरतं. इम्प्लांट वाढ पूर्ण झाल्यावरच. आधी बसवला तर शेजारचे दात जबड्याबरोबर खाली सरकतात, इम्प्लांट जागच्या जागी राहतो आणि आखूड दिसायला लागतो.

मला जास्त काळजी सुळ्याची आहे. तो खाली येताना याच बाजूच्या दाताच्या मुळाला धरून येतो. तो दात नसला किंवा बारीक असला, तर सुळा टाळूकडे वळायची शक्यता वाढते. हात स्वच्छ धुऊन वरच्या ओठाखाली, हिरडीच्या वरच्या भागावर बोट फिरवा. दहाव्या वर्षाच्या आसपास दोन्हीकडे सुळ्याचा फुगवटा लागायला हवा. दुधाचा दात काढायची घाई करू नका. आधी ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे वेडेवाकडे दात जागेवर आणणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा.

धागाकर्ती

खूप आभार. गोळ्यांचं वाचून रडूच आलं. आत्ताच बोट फिरवून पाहिलं. उजवीकडे टणक उंचवटा लागतो, डावीकडे सपाट आहे. सोमवारची वेळ घेतली आहे. ओपीजी घेऊन जाते आणि पहिल्यांदा सुळ्याचंच विचारते.