सुपरहिरोने मोबदला घेतला तर बिघडते कुठे?

सांजवारा

माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने गेल्या आठवड्यात मला एक प्रश्न विचारला आणि मला त्याचे धड उत्तर देता आले नाही, म्हणून तो येथे मांडतो आहे. बॅटमॅनच्या कथांचे एक जाडजूड संकलन वाचता वाचता ती म्हणाली, "बाबा, हा ज्यांना मारतो ते सगळे गरीबच का असतात?" मी घाईघाईने सांगितले की जोकर काही गरीब नाही आणि पेंग्विन तर नाहीच नाही. त्यावर ती म्हणाली, "ते नाही, पहिल्या पानावर जे मार खातात ते." पुस्तक चाळल्यावर तिचे म्हणणे पटले. मुख्य खलनायक येण्याआधी एखाद्या गल्लीत, गोदीवर किंवा दागिन्यांच्या दुकानाच्या छपरावर दोन-चार माणसे हाडे मोडून घेतात. त्यांना नाव नसते, घर नसते, ती चोरी का करतात हे कोणी विचारत नाही, आणि त्यांना बडवून काढणारा मात्र शहराबाहेरच्या प्रचंड वाड्यात राहतो व त्याचा चहा त्याचा बटलर आणून देतो.

आमची पिढी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढली. त्यातला वेताळ कवटीच्या गुहेत वडिलोपार्जित खजिना सांभाळून असे आणि एकविसाव्या पिढीचा वारस म्हणून जंगलातल्या टोळ्यांचा न्यायनिवाडा करी. एका परीने ती वतनदारीच म्हणायची, पण तेव्हा ती कधी खटकली नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. रस्त्यावरच्या चोराला गुन्हेगार ठरवायचे आणि मोठ्या लुटारूकडे काणाडोळा करायचा, ही नीती या कॉमिक्समध्ये मुळापासून होती, की नंतर शिरली? आणि सुपरहिरो आपल्या कामाचे पैसे का घेत नाही? घेतले तर तो कमी नीतिमान ठरतो का?

टिपकागद

मुळापासून नव्हती, सुरुवात तर अगदी विरुद्ध टोकाला झाली होती. जून १९३८ ही तारीख छापलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला, तेव्हा अमेरिका महामंदीतून पुरती सावरलेली नव्हती, आणि त्याचे निर्माते जेरी सीगल व जो शूस्टर हे स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, क्लीव्हलंडमध्ये राहणारे दोन तरुण होते. त्या पहिल्याच कथेत सुपरमॅन एका निरपराध स्त्रीचा मृत्युदंड टाळतो, बायकोला मारझोड करणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि मग वॉशिंग्टनला जाऊन सिनेटरशी संधान बांधणाऱ्या एका दलालाची मानगूट धरतो. दुसऱ्या अंकात तो युद्धावर गब्बर झालेल्या एका शस्त्रनिर्मात्याला साधा सैनिक म्हणून रणांगणावर जायला भाग पाडतो.

तिसरा अंक मला सर्वांत मोलाचा वाटतो. खाणीत दरड कोसळून एक कामगार अडकतो आणि कायमचा जायबंदी होतो. सुपरमॅन क्लार्क केंट या पत्रकाराच्या रूपात मालकाची मुलाखत घ्यायला जातो तेव्हा मालक सगळा दोष कामगाराच्याच माथी मारतो. पुढे सुपरमॅन खाणकामगाराच्या वेषात मालकाच्या बंगल्यापाशी जातो, तर आत मेजवानी रंगलेली असते आणि मालकाला लहर येते की पाहुण्यांना गंमत म्हणून खाण दाखवावी. झगे आणि कोट घातलेली मंडळी हसतखिदळत खाली उतरतात. सुपरमॅन गुपचूप आधार काढून घेतो, वाट बुजते, आणि मदत मागण्यासाठी जे यंत्र बसवलेले असते ते चालतच नाही, कारण त्याच्या देखभालीवर मालकाने कधी पैसा खर्च केलेला नसतो. ज्याने जन्मात हत्यार उचलले नाही त्या मालकाला ढिगारा उपसण्याची पाळी येते. या कथेत तो प्रसिद्ध निळा-लाल पोशाख जवळजवळ दिसतच नाही, आणि एकही बँक लुटली जात नाही.

मग हे बदलले कसे? १९४० पासून सुपरमॅन रेडिओवर गेला, खपाचे आकडे फुगले, आणि प्रकाशनसंस्थेच्या संपादकांनीच त्याचा आडदांडपणा आवरता घेतला, कारण एवढ्या किमती मालाला वादात ओढणे त्यांना परवडणारे नव्हते. खरा घाव १९५४ मध्ये पडला. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे मांडले, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि सरकारी बंदी येण्याआधी प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांचे चित्रण प्रस्थापित सत्तेविषयी अनादर निर्माण होईल अशा रीतीने करता येणार नाही, असे तिचे एक कलम होते. गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटेल असे गुन्ह्याचे चित्रण करता येणार नाही, असे दुसरे. ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. बॅटमॅनच्या कथांत किरकोळ गुंड १९३९ पासून मार खात होतेच, परंतु खाणमालकाला मातीत उतरवणारा जो दुसरा नायक त्या काळी बाजारात होता, त्याला आता ती कथा सांगायला जागाच उरली नाही.

दुपारपाळी

टिपकागद यांनी आठव्या अंकाचा उल्लेख केला नाही, आणि माझी अडचण नेमकी तेथेच आहे. जानेवारी १९३९ च्या त्या कथेत सुपरमॅनला उमगते की मुले गुन्हेगार होतात ती गलिच्छ वस्तीमुळे. मग तो रहिवाशांना सामान घेऊन बाहेर पडायला सांगतो आणि अख्खी वस्ती हाताने जमीनदोस्त करतो, जेणेकरून सरकारला तेथे नवी घरे बांधावीच लागतील. शेवटच्या चौकटींत उंच, स्वच्छ इमारती उभ्या असतात. मी मुंबईच्या एका संक्रमण शिबिरात बालपणाची नऊ वर्षे काढली आहेत, त्यामुळे ती कथा वाचताना माझी नजर मधल्या काळावर खिळते, जो चित्रकाराने काढलेलाच नाही: ती माणसे तोवर राहिली कुठे, आणि नव्या घराचे भाडे त्यांना झेपले का? वस्तीतल्या एकाही माणसाला कोणी विचारत नाही. हेतू गरिबांच्या बाजूचा आहे, हे मी नाकारत नाही. पण वरून उडत येणाऱ्याला खालची माणसे एकगठ्ठाच दिसतात.

त्या माणसांना बोलायला मिळाले ते तीस वर्षांनी. डेनिस ओनील आणि नील ॲडम्स यांनी १९७० मध्ये केलेल्या 'ग्रीन लँटर्न' या अंतराळातल्या पहारेकरी नायकाच्या ७६ व्या अंकात, एक तरुण एका सुटाबुटातल्या जाड्या माणसाला धक्काबुक्की करताना दिसतो आणि ग्रीन लँटर्न सवयीने तरुणालाच पकडतो. आजूबाजूच्या खिडक्यांतून लोक त्याच्यावर डबे-बाटल्या भिरकावतात, कारण तो जाड्या त्यांचा घरमालक असतो आणि त्यांना घराबाहेर काढायला निघालेला असतो. मग एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ पुढे येऊन त्याला विचारतात, की दूरच्या ग्रहांवरच्या निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्या लोकांसाठी तू पुष्कळ केलेस म्हणे, मग काळ्या कातडीच्यांचा तुला विसर का पडला? ग्रीन लँटर्न खाली मान घालून उभा राहतो. मला ती मान घातलेली चौकट त्याच्या सगळ्या अंतराळ युद्धांपेक्षा मोठी वाटते.

गॉथमकर

बॅटमॅनची बाजू कोणीतरी घ्यायला हवी, म्हणून लिहितो. १९८७ च्या 'इयर वन' या कथामालिकेत फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांचा नवखा बॅटमॅन शहरातल्या बड्या लोकांच्या मेजवानीत भिंत फोडून शिरतो, दिवे घालवतो आणि महापौर, पोलीस आयुक्त व माफियाचा म्होरक्या एकाच टेबलावर जेवत असताना त्यांना बजावतो की तुम्ही या शहराची संपत्ती खाल्लीत, आता तुमची पंगत उठण्याची वेळ आली आहे. खाणमालकाच्या मेजवानीचीच ही नात आहे. २०११ पासून आलेल्या 'कोर्ट ऑफ आऊल्स'च्या कथेत तर खलनायक म्हणजे बॅटमॅनच्या गॉथम शहरातली जुनी, गर्भश्रीमंत घराणीच आहेत, ज्यांच्यात ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, लहानाचा मोठा झाला. तेव्हा सगळा दोष मुखवट्यावर टाकू नये.

तरीही सांजवारा यांच्या मुलीचे निरीक्षण खोडून काढता येत नाही, आणि त्याला एक मजेशीर पुरावा आहे. ब्रूसच्या आईवडिलांना रस्त्यात गोळ्या घालणारा चोर नोव्हेंबर १९३९ च्या अंकात प्रथम दिसतो तेव्हा त्याला नाव नाही. जो चिल हे नाव त्याला मिळायला १९४८ उजाडावे लागले. म्हणजे जवळपास नऊ वर्षे बॅटमॅन एका निनावी चोराचा सूड शेकडो निनावी चोरांवर उगवत होता, आणि त्या चोराला नाव असू शकते, हे ना वाचकांना जाणवले ना संपादकांना.

सांजवारा

सर्वांचे मनापासून आभार. जो चिलची हकिकत मुलीला सांगितली, तेव्हा तिने लगेच विचारले की त्या चोरालाही मुले होती का. याचे उत्तर माझ्यापाशी नाही. पैशांचा प्रश्न मात्र अजून तसाच राहिला आहे.

फुटकळ

त्याकडेच वळतो. माझे मत असे, की परोपकाराचे पैसे घेऊ नयेत हा नियम ज्याला पैसे लागत नाहीत त्यानेच केलेला आहे. वेन हा वारसदार, टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, हा शस्त्रांचा कारखानदार. त्यांच्या निःस्पृहतेला काहीच किंमत मोजावी लागत नाही. सुपरमॅन वर्तमानपत्रात नोकरी करतो, पण नोकरी गेली तर तो उपाशी मरणार नाही.

आता न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्सचा पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, पाहा. ऑगस्ट १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी त्याला आणले तेव्हा अंगात शक्ती आल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती कमाईची: कुस्तीच्या आखाड्यात उतरला, मग दूरचित्रवाणीवर कसरती केल्या. तेथेच एक चोर त्याच्यासमोरून पळतो आणि पीटर पोलिसाला म्हणतो की हे तुझे काम आहे. राबणारा कोणताही माणूस हेच म्हणेल. पण कथा त्याला याची शिक्षा म्हणून त्याच चोराच्या हातून त्याच्या काकांचा जीव घेते. ब्रूस वेनच्या वाट्याला नुसते दुःख येते, पीटरच्या वाट्याला अपराधभाव, आणि तोही चार पैसे मिळवण्याच्या क्षणाला चिकटलेला. हा भेद कोणी ठरवून केला असेल असे मला वाटत नाही, म्हणूनच तो अधिक बोलका आहे.

पुढचा प्रसंग मार्च १९६३ च्या पहिल्या स्वतंत्र अंकातला आहे. काका गेल्यावर घरभाडे थकलेले असते आणि मे काकू दागिने गहाण टाकायला निघालेल्या असतात. कार्यक्रमाचे पैसे धनादेशाने मिळतात, तो 'स्पायडरमॅन' या नावाने काढलेला असतो. पीटर मुखवट्यासकट बँकेच्या खिडकीशी उभा राहतो. कारकून ओळखपत्र मागतो. अंगातला पोशाख दाखवला तर म्हणतो, असला पोशाख कोणीही घालील. भिंतीवर चढणाऱ्या माणसाला पैशांच्या खिडकीवरून हात हलवत परत यावे लागते. मुखवटा ही श्रीमंताची चैन कशी आहे, हे याहून नेमके मी कुठे वाचलेले नाही.

मोबदला उघडपणे मागणारा माणूस आला तो जून १९७२ मध्ये. ल्यूक केज हा न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेला कृष्णवर्णीय तरुण, आणि त्याच्या मासिकाच्या नावातच 'भाड्याने मिळणारा नायक' असे छापलेले होते. नवव्या अंकात त्याचे दोनशे डॉलर डॉक्टर डूम बुडवतो. डूम म्हणजे एका देशाचा राजा. केज फँटॅस्टिक फोर या सुपरहिरोंच्या चमूकडून अवकाशयान उसने घेतो, थेट डूमच्या लॅटव्हेरियात उतरतो आणि आपली मजुरी मागतो. लोक हा प्रसंग विनोद म्हणून सांगतात. माझ्या मते सुपरहिरो कॉमिक्समधली ती सर्वांत नीतिमान मागणी आहे, कारण केलेल्या कामाचे पैसे बुडवणे हा अन्याय आहे, एवढेच तो म्हणतो, आणि हे म्हणायला त्याच्या आधी कोणाला दोनशे डॉलरची इतकी गरजच पडली नव्हती.

पडली होती ती हे नायक घडवणाऱ्यांना. बॅटमॅन घडवण्यात निम्म्याहून अधिक वाटा असलेले बिल फिंगर एके काळी बूट विकण्याचे काम करत. ते १९७४ मध्ये वारले आणि निर्माता म्हणून त्यांचे नाव छापायला २०१५ साल लागले. सीगल आणि शूस्टर यांना मार्च १९३८ मध्ये ४१२ डॉलरचा धनादेश मिळाला. त्यातले १३० डॉलर सुपरमॅनच्या सर्व हक्कांचे होते, उरलेले इतर पानांच्या कामाचे. पुढे शूस्टर यांची दृष्टी अधू होत गेली, दोघांनी कोर्टकचेऱ्या केल्या, आणि १९७५ मध्ये नील ॲडम्स यांच्यासारखे चित्रकार पाठीशी उभे राहिल्यावर प्रकाशक कंपनीने त्यांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलरची पेन्शन मान्य केली. तो जुना धनादेश २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरला गेला. तोवर दोघांपैकी कोणीच हयात नव्हते.