पँगाँगच्या बर्फातल्या भेगा: सेंटिनेल-२ वर इतक्या रेषा कुठून येतात?

सूरसागरकाठ, वडोदरा: गोठलेल्या पँगाँग त्सोवरच्या भेगांचा नकाशा करायचाय. लडाखला जाणं होणार नाही, सगळी भिस्त प्रतिमांवर. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या फेब्रुवारीतल्या प्रतिमेत बी-४ वर (लाल रंगाचा बँड) कॅनी, म्हणजे कडा शोधणारी पद्धत, चालवलं की शेकडो रेषा मिळतात, दक्षिण काठाला तर जाळंच. खऱ्या भेगा कशा निवडायच्या?

मांडवीवाला: पिक्सेल १० मीटरचा, भेग कित्येकदा वीतभरसुद्धा नसते. तरी दिसते, कारण कडेला हिमाचा भुगा साचतो किंवा पाणी वर येऊन गोठतं, आणि रेघ आजूबाजूपेक्षा उजळ किंवा काळी पडते. उत्तरायणात मांजा उन्हात चमकला की दिसतो ना, तसंच. म्हणून रेषेच्या जाडीवरून रुंदी काढू नका. लांबी आणि दिशा तेवढी धरा.

दक्षिण काठाचं जाळं बहुतेक सावलीचं. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, सूर्य आग्नेयेला असतो, डोंगराची सावली तळ्यावर पडते. दोनतीन आठवड्यांनंतरची प्रतिमा शेजारी ठेवा: सावलीची कड काठाकडे सरकलेली असेल, भेग जागेवरच.

बी_अकरा: भर घालतो. आधी तळ्याचा मास्क लावा, म्हणजे तळ्याबाहेरचं सगळं झाका, काठापासून ३ पिक्सेल आत घेऊन. ढगांसाठी तयार एससीएल थरावर (कुठला पिक्सेल ढग, कुठला बर्फ हे सांगणारा) विसंबू नका, उजळ बर्फालाही तो कधीकधी ढग ठरवतो. बी-११ या लघुलहरी अवरक्त बँडमध्ये बर्फ काळा आणि पाण्याचे ढग उजळ दिसतात. पण तो २० मीटरचा, भेगा शोधायला नको. उपग्रहाच्या वाटेला समांतर जाणारे सरळ पट्टे कॅमेऱ्यातल्या १२ डिटेक्टरांच्या सांध्यांचे असतात, ते काढून टाका.

आणि हमखास फसवणारी गोष्ट: २५ जानेवारी २०२२ ला आलेल्या ०४.०० या प्रक्रिया-आवृत्तीपासून पिक्सेलच्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. वजा न करता जुन्या प्रतिमांशी तुलना केलीत तर थ्रेशोल्ड (रेष धरायची किमान मर्यादा) गंडणारच.

सूरसागरकाठ: आणि ढगाळ आठवड्यांत? रडारवाला सेंटिनेल-१ चालेल?

मांडवीवाला: चालेल, रडारला ढग आड येत नाहीत. आयडब्ल्यू मोडचा (रुंद पट्टा टिपणारा) जीआरडी, म्हणजे फक्त परतलेल्या लहरींची तीव्रता देणारी प्रतिमा, घ्या. स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ऑर्बिट फाइल, थर्मल नॉइज, कॅलिब्रेशन, टेरेन करेक्शन, याच क्रमाने. नकाशाचं प्रोजेक्शन यूटीएम ४४ उत्तर. रडार प्रतिमेतले ठिपके घालवायला ७×७ पिक्सेलचा स्पेकल फिल्टर मारलात तर बारीक रेषा पुसल्या जातात. त्यापेक्षा एकाच ट्रॅकच्या ४-५ तारखांची सरासरी घ्या. फक्त त्या काळात नव्याने पडलेली भेग फिकट येईल. उपग्रहाच्या चढत्या (दक्षिणेकडून उत्तरेला) आणि उतरत्या (उत्तरेकडून दक्षिणेला) फेऱ्या एकत्र करू नका. दाबाने उचललेली कड एका बाजूने लख्ख दिसते, दुसरीकडून जवळजवळ गायब.